आधी मांडीची लांबी मोजून घ्या
लोकोमॅट म्हणजे चालायला त्रास होणाऱ्या मुलाला पट्ट्याने वर तोलून धरून, पायांना बांधलेल्या यांत्रिक आधाराने ट्रेडमिलवर चालवणारं थेरपीचं यंत्र. "पाय यंत्रच हलवणार, मग पोराचे स्नायू काय काम करणार?" ही बऱ्याच पालकांची शंका रास्त आहे. पण लोकोमॅटमध्ये यंत्राने किती जोर लावायचा हे थेरपिस्टच्या हातात असतं. मुलाला जमेल तसा तो जोर कमी करत न्यायचा आणि वजन पेलणारा आधारही. तसं केलं नाही तर मूल नुसतं पट्ट्याला लटकून राहतं, म्हणून 'आज जोर किती ठेवलाय?' हे दर वेळी बिनधास्त विचारा.

अजून एक सांगते, या यंत्राचं माप मुलाला बसेल की नाही हे वयापेक्षा मांडीच्या लांबीवर ठरतं. लहान मुलांच्या लोकोमॅटला खुब्यापासून गुडघ्यापर्यंत साधारण २१ ते ३५ सेंमी लागतात. परगावी निघण्याआधी हे माप फोनवर कळवा, हेलपाटा वाचेल. आमच्या मुलीच्या पोटरीवर पट्ट्यांचे लाल वळ उठायचे. जाड, गुडघ्यापर्यंतचे मोजे घातल्यावर थांबले. मोज्याला चुणी मात्र राहू देऊ नका. आणि यंत्रातून उतरल्यावर, दमली नसेल तर, तिला वॉकर धरून जमिनीवर चालवायचा आग्रह धरा. घरी चालायचं आहे ते जमिनीवरच.