कंपनीनं टाइप रेटिंग करून दिलं, बाँड अर्धाच झालाय. सोडू का?

डिचोलीचा_एफओ

मी डिचोलीचा, एका विमान कंपनीत को-पायलट आहे. कंपनीचं नाव विचारू नका. टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान, चालवतो आणि बेस गोव्यात नाही, म्हणजे मोपा विमानतळाकडे बघून अंदाज बांधायलाही नको.

सीपीएलचा, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सचा, खर्च घरचाच. बाबांनी घर गहाण टाकून कर्ज काढलं. लायसन्स हातात आलं तेव्हा 200 तासांच्या पोराला कुणी विचारत नव्हतं, आणि टाइप रेटिंगसाठी, म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान उडवायच्या परवानगीसाठी, परत लाखो रुपये उभे करायची घरात ताकद नव्हती. अशा वेळी या कंपनीनं घेतलं. सिम्युलेटरसकट सगळं रेटिंग स्वतःच्या खर्चानं करून दिलं. बदल्यात बाँड: लाइन रिलीजपासून (ट्रेनिंग संपून नेहमीच्या उड्डाणांवर सोडतात तेव्हापासून) 5 वर्षं, मध्येच सोडलं तर 25 लाख. हमीदार म्हणून बाबांची सही आणि त्यांच्याच खात्याचे कोरे चेक.

आता एका मोठ्या कंपनीत एअरबस ए320 या जेट विमानासाठी निवड झालीय. पगार बराच जास्त आहे. बाँड निम्म्याच्या थोडा पुढे गेलाय.

घरात मात्र वाजलंय. बाबांचे खाणीवर टिपर होते, 2012 ला खाणी बंद पडल्या तोपर्यंत. त्या काळात त्यांनी एका क्लीनरला पदरचे पैसे घालून हेवी लायसन्स काढून दिलं होतं. हंगाम सुरू व्हायच्या आत तो दुसऱ्याच्या टिपरवर जाऊन बसला. बाबा अजून त्याचं नाव घेत नाहीत, ‘तो’ म्हणतात. परवा जेवताना मला म्हणाले, "तूही ‘तो’च की रे."

बरोबरचे दोघे सांगतात, मेलवर राजीनामा टाक आणि जा, कोण काय करतंय. मला विचारायचंय ते हे, की पैसे भरून गेलो तर तीही बेइमानीच का? आणि कायद्यानं नक्की काय होऊ शकतं?

माटोळीवाली

त्या क्लीनरनं तुझ्या बाबांना लायसन्सचे पैसे परत केले होते? नाही ना? मग तू ‘तो’ कसा? बाबांना एवढंच विचार, पण जेवताना नको.

म्हापशेकर_वकील

आज शुक्रवार, बाजारामुळे गाडी बाहेर काढायची सोय नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुला जबरदस्तीनं कॉकपिटमध्ये कुणी बसवू शकत नाही. अशा वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय राबवून घ्यायला लावत नाही, 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्यातच ते आहे. प्रश्न फक्त पैशांचा. "बाँड म्हणजे वेठबिगारी, कोर्टात टिकत नाही" असं तुझे दोस्त सांगत असतील तर त्यांना मे 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा विजया बँकेचा निकाल वाचायला दे. तिथं 3 वर्षांचा, 2 लाखांचा बाँड होता. अधिकारी मुदतीआधी दुसऱ्या बँकेत गेला, पैसे भरले आणि मग भांडला. न्यायालयानं बाँड वैध ठरवला. नोकरी चालू असतानाच्या काळापुरती अट म्हणजे धंदा-रोजगारावर बंदी नव्हे, करार कायद्याचं कलम 27 तिला लागत नाही, असं स्पष्ट सांगितलं.

पण त्यावरून 25 लाख मुकाट मोजायचे असंही नाही. ती सरकारी बँक होती, नवी भरती करायला जाहिरातीपासून सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, हा मुद्दा तिथं महत्त्वाचा ठरला, आणि रक्कमही त्या हुद्द्याच्या मानानं फार नव्हती. तुझ्या बाबतीत करार कायद्याचंच कलम 74 बघ. करारात आकडा लिहिलाय म्हणून तो आपोआप देय होत नाही. तो आकडा ही वरची मर्यादा, त्याच्या आत जे वाजवी तेवढंच मिळतं. निम्म्याहून जास्त मुदत तू भरलीस, तरी ते पूर्ण 25 मागत असतील तर खर्चाचा तपशील मागायचा तुला पूर्ण हक्क आहे: सिम्युलेटरचे तास, प्रशिक्षकाची फी, राहण्याचा खर्च. लेखी माग.

मला खरी काळजी तुझ्यापेक्षा तुझ्या बाबांची वाटते. त्याच कायद्याच्या कलम 128 प्रमाणे हमीदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी तुझ्या मागे लागून मग त्यांच्याकडे यायचं, असं बंधन कंपनीवर नाही. त्यात कोरे चेक. आकडा भरून बँकेत टाकला आणि परत आला तर चेकच्या कायद्याच्या कलम 138 खाली फौजदारी तक्रार, आणि ती चेकवर ज्याची सही त्याच्यावर. तू तेव्हा हैदराबादला किंवा दिल्लीला असशील, समन्स घेऊन पोलीस डिचोलीच्या घरी येईल.

आणखी एक. करारात "वाद फक्त अमुक शहरातल्या न्यायालयात" अशी ओळ असेलच. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नोकरीच्या करारातली अशी अट ग्राह्य धरलीय. पर्वरीचं हायकोर्ट तुला घरापासून जवळ असलं तरी उपयोग नाही.

जुना_ट्रेनिंगवाला

वास्कोहून. माझं आयुष्य एका कंपनीच्या ट्रेनिंग विभागात गेलं, त्यामुळे पलीकडची बाजू सांगतो.

बिलात दिसतो तो खर्च निम्माही नसतो रे. सिम्युलेटरचा स्लॉट विकत मिळतो. पण नंतर लाइन ट्रेनिंगमध्ये सुरुवातीची उड्डाणं तुम्ही करता तेव्हा मागं जंप सीटवर, म्हणजे कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर, आणखी एक तयार को-पायलट सेफ्टी पायलट म्हणून बसवावा लागतो. त्या दिवशी तो दुसरं विमान नेऊ शकत नाही. ट्रेनिंग कॅप्टन मोजकेच, त्यांचे तास तुमच्यावर जातात. हे कुठल्याही बाँडच्या आकड्यात नीट बसत नाही. म्हणून कंपन्या आकडा फुगवतात, आणि म्हणून मुलांना तो अन्याय वाटतो. दोघांचंही खरं आहे.

निष्ठा वगैरे मला पटत नाही, स्पष्ट सांगतो. 17 एप्रिल 2019 ला जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा पायलटांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते. 3 मे 2023 ला गो फर्स्ट कंपनीची विमानं थांबली. तिथं वर्षानुवर्षं निष्ठेनं उडवणाऱ्यांना काय मिळालं? कंपनीनं तुझ्याकडून निष्ठा विकत घेतली नव्हती, काही वर्षं घेतली होती. उरलेल्या वर्षांची वाजवी किंमत दे आणि ताठ मानेनं जा.

पण मेल टाकून पळणं हे वेगळं. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, 2017 च्या नियमानं को-पायलटला 6 महिने आणि कमांडरला (कॅप्टनला) 1 वर्ष नोटिस आहे. नोटिस न देता गेल्यानं आयत्या वेळी उड्डाणं रद्द होतात, ते सार्वजनिक हिताविरुद्ध धरलं जाईल असं त्यातच लिहिलंय. 2023 मध्ये अकासा एअरमधून 43 पायलट नोटिस न भरता गेले, कंपनी थेट न्यायालयात गेली. बाँडचे पैसे भरले म्हणजे नोटिस माफ झाली असं समजू नकोस, ती दोन वेगळी खाती. आणि बुडतं कोण? मालक नव्हे. रात्री अकराला रोस्टर करणारी मुलगी फोनवर फोन लावत बसते आणि ज्याच्या बहिणीचं लग्न आहे त्याची सुट्टी रद्द होते.

डावी_सीट

कमांडर आहे, दोन्ही प्रकार उडवलेत. वकीलसाहेब आणि काका बरोबर बोलले, पण मुलाचं गणित कुणी मांडलंच नाही.

मित्रा, तुझं आत्ताचं रेटिंग ए320 ला उपयोगाचं नाही. नवी कंपनी नवं रेटिंग देईल, म्हणजे नवा बाँड. जुन्याचे पैसे फेडत असताना नव्यावर सही करशील, हमीदार पुन्हा बाबाच. ऑफर लेटरमध्ये हे पान शोध. काही ठिकाणी जुना बाँड नवी कंपनी भरते, पण ती रक्कमही मग नव्या बाँडमध्ये मिसळते.

दुसरं, सीनियॉरिटी. तिथं यादीत तू शेवटचा. इथं 1500 तास भरले, एटीपीएलच्या (कॅप्टन व्हायला लागणाऱ्या लायसन्सच्या) परीक्षा झाल्या, तर टर्बोप्रॉपवर कमांड, म्हणजे कॅप्टनपद, त्यामानानं लवकर मिळते. जेटवर को-पायलटच्या उजव्या सीटला किती वर्षं बसावं लागेल हे एचआर सांगत नाही, तिथल्या एखाद्या एफओला (को-पायलटला) चहा पाजून विचार. मी असतो तर कमांड होईपर्यंत थांबलो असतो. अर्थात तेव्हा नोटिस वर्षाची होईल, हेही धर.

डिचोलीचा_एफओ

सगळ्यांना देव बरें करूं. ऑफर लेटर पुन्हा वाचलं. नवा बाँड आहे, 4 वर्षांचा, आणि हमीदाराची जागा कोरी ठेवलीय. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

माटोळीवालींचा प्रश्न बाबांना विचारला, अंगणात, चहाच्या वेळी. आधी काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैसे परत केले असते तर मी त्याला जेवायला बोलावलं असतं." आणि लगेच, "पण नव्या कागदावर मी सही करणार नाही."

उद्या कंपनीकडे खर्चाचा तपशील मागतोय आणि नव्या कंपनीला 6 महिन्यांनंतरची जॉइनिंग तारीख. नाही दिली तर इथंच कमांडपर्यंत. वकीलसाहेब, एक राहिलं: आमच्यातल्या एकाकडून बाँडच्या रकमेवर वर 18 टक्के जीएसटी मागितलाय. तो द्यावा लागतो का?

म्हापशेकर_वकील

नाही. मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल भरलेल्या बाँडच्या रकमेवर जीएसटी लागत नाही, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं 3 ऑगस्ट 2022 चं परिपत्रक आहे, क्रमांक 178. त्याची प्रत जोडून उत्तर पाठव म्हणावं. आणि तुझे पैसे भरशील त्या दिवशी ‘येणे बाकी नाही’ असं पत्र आणि बाबांचे सगळे चेक, दोन्ही एकदमच हातात घे. "कुरियरनं पाठवतो" म्हणाले तर थांब, तिथंच बस.