स्पेक्ट्रम 48के: उडी मारल्यावर हिरो स्लॅबमधून आरपार पडतो, शिवाय लुकलुकतो

गच्चीवरचा_पतंग

मंडळी, झेडएक्स स्पेक्ट्रम 48के (ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक) साठी त्याच्या झेड80 प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेत एक प्लॅटफॉर्म गेम लिहितोय. एका पडद्यावर गिरगावातली चाळ: चार मजल्यांच्या गॅलऱ्या, लाकडी जिना, पाण्याची पिंपं, वाळत घातलेले कपडे. पोराला तळमजल्यावरून गच्चीवर पतंग काढायला पोचायचंय. चाळीचा भाग 32 बाय 16 चौकटींचा (एक चौकट 8 बाय 8 पिक्सेल), पोराचा स्प्राइट, म्हणजे हलतं चित्र, 16 बाय 16 पिक्सेल.

अडलंय ते असं. उडीत वेग -5 पासून सुरू करून दर फ्रेमला 1 ने वाढवतो. खाली येताना पोरगा कधी गॅलरीवर टेकतो, कधी सरळ आरपार जातो. स्प्राइट लुकलुकतो, आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर जास्तच. हिरव्या गॅलरीला पोरगा लागला की तेवढा कठडा पांढरा पडतो. एम्युलेटरवर (आजच्या संगणकावर चालणाऱ्या नकली स्पेक्ट्रमवर) निदान गेम सुरू तरी होतो. खऱ्या मशीनवर कॅसेटऐवजी फोनमधून आवाज वाजवून लोड करताना अर्ध्यात 'आर टेप लोडिंग एरर' येतो.

कोड मेमरीत 28000 या पत्त्यापासून आहे. कुठून सुरुवात करू?

परळ_झेड80

आधी उडी, कारण मूळ चूक तिथेच आहे. गॅलरीचा काठ नेहमी 8 च्या पटीत असतो. तुमचा पोरगा 3, 4, 5, 6 अशा ढांगा टाकत खाली येतो, त्यामुळे पाय नेमके 8 च्या पटीवर येणं हा निव्वळ योगायोग. आला तर टेकतो, नाही तर आरपार.

यावर 'मॅनिक मायनर'चं गणित बघा. 1983 चा गेम, मॅथ्यू स्मिथचा, आणि त्यातली उडी आजही जशीच्या तशी उचलावी इतकी चोख आहे. तिथे गुरुत्वाकर्षण वगैरे नाही, 18 पायऱ्यांची ठरलेली उडी आहे. वर जाताना पिक्सेल असे: 4, 4, 3, 3, 2, 2, 1, 1. मग 0, 0. खाली येताना 1, 1, 2, 2, 3, 3, 4, 4. एकूण उंची 20 पिक्सेल.

आता उतरणीची बेरीज कागदावर मांडा. 20 वरून 19, 18, मग 16. तेरावी पायरी संपली की पाय बरोबर दोन चौकटी वर. पुढे 14, 11, 8: सोळावी पायरी संपली की बरोबर एक चौकट वर. मग 4 आणि 0. म्हणजे पायाखाली जमीन आहे का हे उतरताना फक्त तीनदा विचारायचं: 13, 16 आणि 18 नंतर. मधल्या पायऱ्यांवर विचारूच नका. तिथे 'हो' असं उत्तर आलं तर पोरगा कठड्यात अर्धा रुतून उभा राहील.

उडी संपूनही खाली काही नसेल तर दर पायरीला 4 पिक्सेल पडू द्या. 4 च्या दोन ढांगा म्हणजे 8, त्यामुळे काठ चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. पडताना वेग वाढवायचा मोह आवरा.

डोक्याची तपासणी वर जातानाच करा, आणि चौकटींचे दोन प्रकार ठेवा. गॅलरी खालून भेदता येईल अशी, भिंत अजिबात न भेदता येणारी. भिंत लागली तर y (पोराची उभी जागा) पुढच्या 8 च्या पटीवर खाली बसवून लगेच पडणं सुरू करा. आडवी चाल दर पायरीला 2 पिक्सेल ठेवलीत तर एका उडीत 36 पिक्सेल कापले जातात, म्हणजे साडेचार चौकटी. दोन गॅलऱ्यांमधली फट त्या मापानेच आखा.

एक मात्र बघा, सेकंदाला 50 फ्रेम असतात, दर फ्रेमला एक पायरी चालवलीत तर उडी 0.36 सेकंदात उरकेल. प्रत्येक पायरीला तीन हॉल्ट (पुढच्या फ्रेमपर्यंत थांबवणारी सूचना) टाका, उडी साधारण 1.1 सेकंदाची होईल. तेवढ्या वेळात खेळणाऱ्याला अंदाज घेता येतो.

अ‍ॅट्रिब्यूट_ताई

लुकलुकीचं कारण वेळेत आहे. 48के मध्ये एक फ्रेम 69,888 टी-स्टेटची (टी-स्टेट म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका). हॉल्ट सुटल्यापासून बीम (टीव्हीवर वरून खाली चित्र रेखाटणारा किरण) चित्राच्या पहिल्या ओळीवर यायला 14,336 टी-स्टेट लागतात. तुम्ही बहुधा आधी सगळे स्प्राइट पुसता आणि मग सगळे काढता. वरचे मजले बीमला आधी लागतात, म्हणून तिथला पोरगा पुसलेल्या अवस्थेत सापडतो. साधा उपाय असा की स्प्राइट y प्रमाणे लावून घ्या आणि वरून खाली एकेक पुसून लगेच काढा. तीन-चार स्प्राइटना एवढं पुरतं.

जास्त असतील तर बफर घ्या. 'मॅनिक मायनर' वरचे दोन तृतीयांश चित्र, म्हणजे 4096 बाइट, बाजूला तयार करून पडद्यावर उतरवतो. एलडीआयआर या कॉपीच्या सूचनेने बाइटला 21 टी-स्टेट, म्हणजे सुमारे 86,000. एका फ्रेमच्या वर. एकापुढे एक एलडीआय (एकेका बाइटची कॉपी) लिहून काढलेत तर बाइटला 16, म्हणजे सुमारे 65,500. ओळीओळीने वरून खाली कॉपी केलीत तर बीम साधारण 45 व्या ओळीच्या थोडं आधी कॉपीला गाठतो. तिथे क्षणभर चित्र कापल्यासारखं दिसेल, पण लुकलुकणार नाही.

आणि 28000 सोडा! 16384 ते 32767 हा मेमरीचा भाग यूएलए (पडद्यावर चित्र उमटवणारी चिप) सोबत वाटून घ्यावा लागतो, चित्र उमटत असताना सीपीयू थांबून राहतो. कोड आणि बफर दोन्ही 32768 च्या वर न्या.

रंगाचं म्हणाल तर 8 बाय 8 च्या चौकटीत एकच शाई (चित्राचा रंग) आणि एकच कागद (मागचा रंग), याला इलाज नाही. पण पोरगा ज्या चौकटींवर आहे त्यांतली रिकाम्या पार्श्वभूमीची चौकट असेल तरच शाई पांढरी करा. गॅलरीच्या चौकटीला हात लावू नका. पोराचे पाय क्षणभर हिरवे दिसतील, ते चालतं. कठड्याचा रंग उडाला की डोळ्याला लगेच खटकतं.

गच्चीवरचा_पतंग

कोड 32768 वर नेला, 18 पायऱ्यांच्या उडीचा तक्ता बसवला. आता एकदाही आरपार पडला नाही. वरून खाली काढल्यावर चौथा मजलाही स्थिर आहे. कठडा हिरवाच राहतोय. मनापासून आभार. लोडिंगचं कोणी सांगेल का?

लॅमिंग्टन_सोल्डर

लोड होताना पडद्याची बॉर्डर बघा. सुरुवातीच्या सलग सुरात लाल-आकाशी जाड पट्टे, डेटा आला की निळे-पिवळे बारीक. हेडरच्या (फाइलची ओळख सांगणाऱ्या तुकड्याच्या) आधीचा सूर सुमारे 5 सेकंद, डेटाच्या आधीचा 2 सेकंद. लाल-आकाशी पट्टे नीट बसतच नसतील तर आवाज कमी पडतोय. बसतात आणि निळ्या-पिवळ्यात तुटतात, तर आवाज फाटतोय किंवा फोन मध्येच काही मिसळतोय. तुमचं अर्ध्यात तुटतंय, म्हणजे बहुधा दुसरं.

एमपी3 वापरू नका. गेमच्या टॅप फाइलवरून (स्पेक्ट्रम कॅसेटची फाइल) डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेली आवाजाची फाइल, बनवा. इक्वलायझर बंद, फोन फ्लाइट मोडवर, आवाज पूर्ण ठेवून एकेक पायरी खाली आणत बघा. ईअरचं, म्हणजे जिथून आवाज आत जातो ते, सॉकेट मोनो आहे. स्टिरिओ पिन घातली की उजवा चॅनल ग्राउंडला शॉर्ट होतो. मोनो पिनची केबल करून घ्या: टोकाला फक्त डावा चॅनल, उजवी तार मोकळी ठेवून तिला इन्सुलेशन टेप लावायची.

मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत सॉकेटचे पत्रे काळे पडतात. आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. पावसाळ्यात हे आधी, बाकी नंतर.

आणि अ‍ॅडॉप्टर बदलायचा असेल तर थांबा. स्पेक्ट्रमला 9 व्होल्ट लागतात, पण पिनच्या मध्यभागी निगेटिव्ह. आपल्याकडे परवान्याने विकलेल्या डीबी स्पेक्ट्रम+ लाही हे तपासूनच लावा. लॅमिंग्टन रोडला सहज हातात मिळतात ते बहुतेक मध्यभागी पॉझिटिव्ह असतात. दुकानातच मल्टिमीटर लावा: लाल टोक पिनच्या आत, काळं बाहेर, आणि आकडा उणे दिसला पाहिजे.