'काही नाही गं, नंतर सांगते' हे वाक्य घरातून गेलं पाहिजे

धरमपेठकर:
माझी ताई जन्मापासून कर्णबधिर आहे. मागच्या रविवारी घरी गोळाभात होता, मामा-मामी आले होते. मामांनी त्यांच्या वरातीचा किस्सा काढला आणि सगळे हसून हसून लोळले. ताईही हसली, पण सगळ्यांच्या मागून, आमचे चेहरे बघून. मग तिनं आईच्या कोपराला हात लावला, भुवया उंचावून विचारलं, काय झालं? आई म्हणाली, 'काही नाही गं, नंतर सांगते.' ताईनं गोळा भातात कुस्करला, वरून फोडणीचं तेल घातलं आणि खाली ताटात बघत जेवली. नंतर कुणी सांगितलं नाही. चौतीस वर्षांत बहुतेक वेळा कुणीच सांगितलेलं नाही.

माझं म्हणणं असं, की घरात एक जण कर्णबधिर असेल तर बाकीच्यांनी खुणांची भाषा शिकलीच पाहिजे, मोडकीतोडकी का होईना. 'तिला ओठ वाचता येतात ना' ही सबब आता पुरे. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'पाव' म्हणा, मग 'भाव' म्हणा. प, ब, भ, म ओठांवर वेगळे दिसतच नाहीत. नागपूरच्या कॉटन मार्केटात भाजीवाली भाव सांगून राहिली की पाव किलो देऊ का विचारून राहिली, हे ताई अंदाजानं ठरवते. बाबा आणि मामा तिच्या डोळ्यांना एकच. दिवसभर असे अंदाज बांधून संध्याकाळी ती डोळे मिटून पडून राहते, आणि आम्ही म्हणतो, हिला कुणात मिसळायला आवडत नाही.

बजाजनगरची आई:
धरमपेठकर, तुमचं दुखणं कळतं, पण 'शिकलीच पाहिजे' मला पटत नाही. माझ्या मुलाला दोन वर्षांचा असताना कॉक्लिअर, म्हणजे ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून कानात घालतात ते यंत्र, बसवलं. आता तो सहा वर्षांचा आहे. रोज संध्याकाळी स्पीच थेरपीचा अभ्यास, एक दिवस खाडा नाही. साडेतीन वर्षांचा असताना तो पहिल्यांदा 'आई' म्हणाला. मी कणीक मळत होते, तशाच हातांनी त्याला उचललं. आम्हाला सांगितलं होतं, खुणा केल्या तर तो बोलायचा कंटाळा करेल. म्हणून घरात खुणा नाहीत, आणि आज तो बोलून राहिला. उद्या शाळेत, नोकरीत त्याला ऐकणाऱ्यांतच राहायचं आहे. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत, त्या कुठून शिकतील?

खडूफळा:
मी २६ वर्षं कर्णबधिर मुलांना शिकवलं. खुणा केल्या की बोलणं मरतं, ही समजूत फार जुनी आहे. १८८० साली इटलीत मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षणावर भरलेल्या परिषदेत शाळांमधून खुणांची भाषा काढून टाकायचा ठराव झाला. ठरवणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. तो ठराव चुकीचा होता हे २०१० मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला याच विषयावर भरलेल्या परिषदेनं मान्य केलं आणि खेद व्यक्त केला. मध्ये १३० वर्षं गेली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीसुद्धा मुलांना हात पाठीमागे घेऊन बसायला लावायचे. ते घट्ट धरलेले छोटे हात अजून डोळ्यांसमोर येतात.

बजाजनगरच्या आई, तुमचा मुलगा बोलतो याचा मला मनापासून आनंद आहे. पण आंघोळीला, झोपताना, होळीला रंग खेळताना तुम्ही यंत्राचा बाहेरचा भाग काढून ठेवत असाल ना? त्या वेळी तुम्हा दोघांकडे काय असतं? भाषा लहानपणीच रुजली पाहिजे, मग ती कानानं येवो की डोळ्यानं.

बर्डीवाला:
घरचं ठीक आहे जी. माझं बर्डीवर कापडाचं दुकान आहे. कर्णबधिर गिऱ्हाईक आलं की कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवतो, मोबाईलवर टाइप करतो, सौदा होते. मग मी काहून शिकू खुणा? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा, म्हणजे हीच खुणांची भाषा, आहे, हे मान्य. ती कोर्ट-कचेरीनं, दवाखान्यानं आधी पाळावी. दुकानदाराकडे धीर असला तरी भागते.

रिमझिम:
मी स्वतः कर्णबधिर आहे. बर्डीवर नेहमी जाते. दुकानात मोबाईलवर लिहिणं मला चालतं, भाऊंचं बरोबर आहे. फक्त ओरडू नका. ओरडताना तोंड वेडंवाकडं होतं, ओठ आणखीच कळत नाहीत. दिव्याकडे पाठ करून बोललात तर चेहरा अंधारात जातो. आणि बहीण सोबत असली की तुम्ही लोक तिला विचारता, 'यांना कोणता रंग पाहिजे?' पैसे माझ्या पर्समध्ये असतात. मला विचारा.

दवाखान्यात मात्र लिहून भागत नाही. आमच्यापैकी अनेकांची पहिली भाषा खुणांची, मराठी दुसरी. त्या भाषेचं व्याकरण वेगळं, 'कुठे', 'का' वाक्याच्या शेवटी येतात, अर्धा अर्थ चेहऱ्यावर असतो. मी घासून घासून मराठी शिकले, मैत्रिणीला तितकं जमलं नाही. तिला डॉक्टरांनी घाईत लिहून दिलं, 'उपाशीपोटी घेऊ नये'. तिला त्यातलं 'उपाशीपोटी' तेवढं कळलं. चार दिवस तिनं तशीच गोळी घेतली आणि पोट धरून बसली.

धरमपेठकर, तुम्हालाही एक सांगायचं आहे. सगळे कर्णबधिर खुणा करत नाहीत. माझ्या काकांना पन्नाशीत ऐकू येईनासं झालं, त्यांना सगळं लिहूनच हवं असतं. तुम्ही ताईसाठी नियम ठरवलात, तिला विचारलंत का?

बजाजनगरची आई:
माझं मत तेच आहे, बोलणं आधी. पण होळीचं वाचून झोप लागली नाही. गेल्या होळीत तो यंत्राशिवाय फाटकाबाहेर पळाला, समोरून गाडी येत होती. मी 'थांब, थांब' ओरडत राहिले. शेजारच्या मुलानं त्याचा शर्ट धरला म्हणून वाचला. 'थांब', 'ये', 'दुखतं' एवढ्या खुणा कुठे मिळतील?

खडूफळा:
दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे, प्रत्येक शब्दाचा व्हिडिओ. २०२१ मध्ये तो १०,००० शब्दांवर गेला. 'थांब'पासून सुरू करा, आजींनाही सोबत बसवा.

धरमपेठकर:
रिमझिम, नव्हतं विचारलं. काल ताईला हे सगळं वाचायला दिलं. तिनं माझ्या फोनवर लिहिलं, 'सगळ्यांनी शिकावं असं नाही. आईनं शिकावं. आणि मामांचा तो किस्सा काय होता, ते आधी सांग.' मला अर्धाच आठवत होता. मामांना फोन लावला, स्पीकर सुरू केला. ते पहिल्यापासून सांगत गेले, मी ताईला हातांनी सांगत गेले. आई बाजूला बसून माझे हात बघत होती. पाऊण तास लागला.