मदत हवी आहे: 5 मेच्या उपासनेत तामारचा उतारा मुलींसमोर कसा वाचावा?

आम्ही विनिपेगमधली सात-आठ मराठी ख्रिस्ती कुटुंबं रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक वचन पाठवतो. 5 मेला कॅनडात बेपत्ता झालेल्या, खून झालेल्या आदिवासी बायका-मुलींची आठवण करतात, झाडांना लाल ड्रेस टांगलेले असतात, वाऱ्याने बाह्या हलतात आणि आत कुणीच नसतं, ते बघितल्यापासून त्या दिवशी नेहमीचं दिलाशाचं वचन पाठवायला माझा हातच होत नाही.

म्हणून बायबलमधलं 2 शमुवेल 13 घेतलंय: दावीद राजाची मुलगी तामार, तिच्यावर सावत्र भाऊ अम्नोन बलात्कार करतो, मग तिचा फाटलेला पायघोळ झगा, आणि सख्खा भाऊ अबशालोमच तिला गप्प राहा म्हणतो ते. आधी शास्ते 19 बघितलं, जमावाच्या हाती दिलेल्या बाईची गोष्ट, पण तिथे ती बाई एक शब्दही बोलत नाही. स्तोत्र 10 फार मोघम वाटलं.

उपासना झूमवर असते, तिथे 12-13 वर्षांच्या मुली असतात, दोन काकू म्हणतात मुलांसमोर हे नकोच. वेळ 15 मिनिटं, आजी-आजोबांमुळे मराठीतच हवं. आदिवासी मुलांना घरापासून तोडून जिथे ठेवलं त्या चर्चने चालवलेल्या निवासी शाळांबद्दल क्षमेची प्रार्थना होणारच, ती गाळा असं प्लीज सुचवू नका. या बायका-मुलींबद्दलच्या 2019 च्या राष्ट्रीय चौकशी अहवालातल्या न्यायासाठीच्या 231 मागण्यांपैकी एक वाचणार आहोत.

ज्यांनी मुलांसमोर हा अध्याय घेतलाय त्यांनी सांगा, तामार स्वतः नाही म्हणते त्या 12 व्या वचनापासून 20 पर्यंत वाचून मधलं बलात्काराचं 14 वं वचन सोडलं तर चालेल का, की ते सोडणं म्हणजे तिला परत गप्प बसवणंच होईल?