कॅल्शियम स्कोअर 212 आलाय. रोज धावणाऱ्यालाही स्टॅटिन (कोलेस्ट्रॉल कमी करणारी गोळी) लागतं का?

घाटवाट_सातारा
वय 52. अकरा वर्षं धावतोय. सातारा हिल हाफ सात वेळा, मुंबईची फुल चार वेळा. आठवड्याला 65-70 किलोमीटर, मंगळवारी यवतेश्वरचा घाट ठरलेला. सकाळची नाडी 48. तंबाखू-सिगारेट कधीच नाही, बीपी-शुगर नॉर्मल. पुढच्या वर्षी कॉम्रेड्स करायची आहे (दरबान-पीटरमॅरिट्झबर्ग, साधारण 90 किलोमीटर), म्हणून सगळ्या तपासण्या करून घेतल्या. स्ट्रेस टेस्ट चांगली आली. पण सीटीत कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांत साचलेलं कॅल्शियम) 212, आणि एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) 148.

वडील 49व्या वर्षी अटॅकने गेले, मी तेव्हा अकरावीत होतो. धावायला लागलो तेच मुळी आपलं तसं होऊ नये म्हणून. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली त्याला आठ दिवस झाले, पाकीट अजून फोडलेलं नाही. हातात घेतलं की वाटतं, एवढ्या पहाटे उठलो ते कशासाठी? आमच्या ग्रुपमधला एक जण म्हणतो की धावणाऱ्यांचं कॅल्शियम चांगलं असतं, काळजी करू नकोस. बायकोला ते पटत नाही. खरं काय?

पहाटपावलं (फिजिशियन, नाशिक)
तुमच्या मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि मला काळजी त्या उरलेल्या अर्ध्याची वाटते.

2017 मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधले दोन अभ्यास आले. वर्षानुवर्षं भरपूर व्यायाम केलेल्या पुरुषांच्या धमन्यांत थर जास्त सापडले, पण त्यातले बरेचसे पूर्ण कडक झालेले होते. ब्रिटनच्या अभ्यासात बायकाही होत्या, त्यांच्यात असा फरक दिसला नाही. अटॅक येतो तो बहुतेकदा मऊ, चरबीचा थर फुटून त्यावर गुठळी बसली की. कडक थर सहसा फुटत नाही. 'चांगलं कॅल्शियम' हे इथूनच आलं. मात्र 2023 च्या बेल्जियमच्या अभ्यासात आयुष्यभर असा भरपूर व्यायाम केलेल्या पुरुषांत मऊ थरही जास्त निघाले. तेव्हा त्या भरवशावर राहू नका. शिवाय हा स्कोअर फक्त कडक भाग मोजतो, मऊ थर त्यात दिसतच नाही.

धावणं सोडा असंही मी म्हणणार नाही. डॅलसच्या कूपर सेंटरने 21,758 पुरुषांचा अभ्यास 2019 मध्ये मांडला. खूप व्यायाम करणाऱ्यांत स्कोअर 100 च्या वर असूनही मृत्यूचं प्रमाण, तेवढाच स्कोअर असलेल्या कमी व्यायामवाल्यांपेक्षा जास्त नव्हतं.

पण वडिलांचं वय आणि 148 बघता गोळीबद्दल मी तुमच्या डॉक्टरांच्याच बाजूने आहे. एक आधीच सांगते: स्टॅटिनने स्कोअर उतरत नाही, उलट थोडा वाढू शकतो, कारण मऊ थर कडक होत जातो. पुढच्या वर्षी सीटी करून घाबरू नका, एलडीएल बघा. आणि लिपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्ट्रॉल वाहून नेणारा एक कण, वाढला तर हृदयाला धोका) एकदा तपासून घ्या. ते आईवडिलांकडून येतं, कितीही धावलं तरी हलत नाही.

सिंहगड_रविवार
दादा, मी 58चा, पुण्याचा. आतकरवाडीतून सिंहगड दर रविवारी 46-47 मिनिटांत चढायचो. तीन वर्षांपूर्वी 50 लागायला लागली, मग 55. मला वाटलं ऊन, मग वाटलं वय. छातीत दुखलं कधीच नाही, फक्त पहिल्या चढाला जबडा जड व्हायचा आणि दहा मिनिटांत मोकळा व्हायचा. हे मी कुणाला सांगितलंच नाही. शेवटी मुलीने ओढून नेलं. मुख्य धमनी 90 टक्के बंद, स्टेंट पडला. आता परत धावतो, गोळ्या घेऊन.

जिम फिक्स यांनी धावण्यावर पुस्तक लिहून अमेरिकेला धावायला लावलं. 1984 मध्ये व्हरमाँटच्या रस्त्यावर धावतानाच ते गेले, वय 52. त्यांच्या वडिलांना पहिला अटॅक 35व्या वर्षी आलेला, 43व्या वर्षी ते गेले होते. फिक्स यांच्या काळी आजची स्टॅटिन बाजारात नव्हती. तुमच्या कपाटात आहे. आज रात्री घ्या.

घाटवाट_सातारा
दादा, जबड्याचं वाचून घाटातले सगळे मंगळवार आठवून पाहिले. तसं काही होत नाही, वेळही तीच आहे. गोळी काल सुरू केली. लिपोप्रोटीनचं रक्त सोमवारी देतोय. मॅडम, या गोळीने पाय दुखतात म्हणतात. लाँग रनचं दुखणं कुठलं आणि गोळीचं कुठलं, ओळखायचं कसं?

पहाटपावलं
रनचं दुखणं दोन-तीन दिवसांत उतरतं. विश्रांती घेऊनही दोन्ही मांड्या सारख्याच दुखत राहिल्या, किंवा लघवी गडद झाली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. थोडंफार दुखलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका, मात्रा किंवा गोळी बदलता येते. आणि सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) करायला सांगितलं तर आधीचे तीन-चार दिवस लाँग रन नको, घाटही नको. नुसत्या धावण्यानेही तो आकडा चढलेला येतो.