चर्चा: कारखाने सांगली-साताऱ्यात, मुख्यालये पुण्या-मुंबईत, याने जिल्ह्याचे नुकसान होते का?

कृष्णाकाठ

लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली बेळगावातून कारखाना हलवावा लागला, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. त्या माळावर लोखंडी नांगर आणि पुढे पंप घडले. ओतकाम, आरेखन, हिशेब आणि मालकाचा निर्णय, सारे वाडीतच होत असे. आज किर्लोस्करवाडीत पंपांचा कारखाना चालू आहे, पण कंपनीचे मुख्यालय पुण्यात आहे. खंडाळा तालुक्यात एशियन पेंट्सचा कारखाना आहे, मुख्यालय मुंबईत. फलटणला इंजिने बनवणाऱ्या कमिन्सचा विस्तीर्ण प्रकल्प आहे, मुख्यालय पुण्यात. मुख्यालय साताऱ्यातच ठेवणारी कूपर ही इंजिनांची कंपनी अपवादाचे उदाहरण.

मुख्यालय जिथे असते तिथे डिझाइन, खरेदी, वित्त आणि कायदा हे विभाग असतात, आणि त्यांच्यामागून सनदी लेखापाल, वकील, सल्लागार यांचीही कामे वाढतात. आपल्या वाट्याला पाळीची नोकरी येते, तीही पुष्कळदा कंत्राटी. वालचंद महाविद्यालय १९४७ पासून सांगलीत अभियंते घडवीत आहे, आणि त्यांतले बहुतेक पदवी हातात पडताच पुण्याची गाडी पकडतात. राज्य शासन सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली तालुक्याच्या वर्गवारीनुसार उद्योगांना सवलती देते. मोठ्या प्रकल्पाला अशी सवलत देताना डिझाइन आणि खरेदी विभागांचा काही भाग कारखान्याजवळच ठेवण्याची अट घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुपवाडकर उद्योजक

आपली तळमळ मला मान्य आहे, मागणी मान्य नाही. मुख्यालय आले म्हणून जिल्ह्याच्या तिजोरीत काय पडते, ते आधी पाहावे. कंपनीचा आयकर केंद्राकडे जातो. २०१७ पासून जीएसटीतला राज्याचा वाटा माल जिथे खपतो त्या राज्याला मिळतो. महापालिकेला मिळतो तो मालमत्ता कर, आणि तो देण्यात कारखान्यांच्या शेड कार्यालयांपेक्षा मागे नसतात. सामाजिक दायित्वाचा २ टक्के निधीसुद्धा २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार कामकाजाच्या परिसराला प्राधान्य देऊन खर्चायचा असतो.

माझ्या शेडमध्ये पंपांच्या केसिंगचे, म्हणजे बाहेरच्या ओतीव कवचाचे, मशीनिंग होते. भंगाराचा आणि पिग आयर्नचा, म्हणजे ओतकामाच्या कच्च्या लोखंडाचा, भाव चढला की ओतीव मालाचा दर वाढवून मागण्यासाठी मी एका मोठ्या कंपनीच्या पुण्यातील खरेदी विभागात जातो. तिथला अधिकारी समोर कोइम्बतूर आणि राजकोटचे दर ठेवतो आणि माझ्या किलोमागच्या दरातले पैसे कापतो. हाच अधिकारी उद्या किर्लोस्करवाडीशेजारच्या पलूसला बसला, तरी समोर तेच दर ठेवणार. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सचेही तसेच झाले. १९७५ साली शासनाचे महामंडळ आणि बजाज यांच्या भागीदारीत ती उभी राहिली, प्रिया स्कूटर घरोघरी गेली. पुढे गिऱ्हाईक मोटरसायकलकडे वळले आणि गिअरच्या स्कूटरचे उत्पादन थांबले. कंपनीचे कार्यालय साताऱ्यात असते, तरी गिऱ्हाईक थांबले नसते. आम्हाला हवी आहे अखंड वीज आणि लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत देण्याच्या २००६ च्या कायद्याची कडक अंमलबजावणी.

कृष्णाकाठ

कोइम्बतूरचे नाव आपणच घेतलेत, हे बरे झाले. तिथल्या पंप कंपन्यांची मुख्यालये कोइम्बतूरमध्येच आहेत. ज्या दराने आपले पैसे कापले जातात, तो दर ठरवणारे मालक आणि तो माल ओतणारे फौंड्रीवाले एकाच शहरात राहतात. नवीन पंपाचा पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, बनवताना अडचण आली, तर त्याच दिवशी समोरासमोर बसतात. महाराष्ट्र स्कूटर्सचे म्हणाल, तर स्कूटर थांबली, कंपनी थांबली नाही. साताऱ्यात पुढे डाय, जिग आणि फिक्श्चर ही कारखान्यांना लागणारी साधने बनत राहिली, पण कंपनी मुख्यतः बजाज समूहातील समभाग सांभाळणारी गुंतवणूक कंपनी झाली आणि तिचा कारभार पुण्याजवळच्या आकुर्डीतून चालला. भांडवल टिकले, रोजगार टिकला नाही. त्या भांडवलातून साताऱ्यात दुसरे उत्पादन उभारावे असा आग्रह धरणारे कोणी निर्णयाच्या खुर्चीत नव्हते, म्हणूनच मला मुख्यालयाचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

माणदेशी

सहकारी साखर कारखान्यांची मुख्य कार्यालये आपल्याच तालुक्यांत आहेत, अध्यक्षही आपलेच असतात. तरी त्या कार्यालयांभोवती अभियंत्यांची वस्ती उभी राहिली नाही. आमच्या खानापूर-आटपाडीचे गलाई बांधव देशभर सोने-चांदी गाळतात, कमाई गावी पाठवतात, बंगले बांधतात. पण गावातल्या पोराला काम पाहिजे असेल तर त्यालाही परमुलुखातच जावे लागते. तेव्हा कार्यालय किंवा पैसा परत आला की रोजगार आपोआप येतो, हे मला पटत नाही. भिलवडीला चितळ्यांची डेअरी टिकली, कारण दूध नाशवंत आहे आणि ते गोळा होते त्याच भागात त्यावर प्रक्रिया करणे सोयीचे असते. हळद आणि बेदाणा यांच्यावरही इथेच प्रक्रिया होईल, असा मुक्काम त्यांना मिळवून द्यावा.

पुण्यातील अभियंता (मूळ गाव मिरज)

मी पुण्यात पंपांच्याच डिझाइन विभागात काम करते आणि माझे यजमान वाहन उद्योगात आहेत. सांगलीत उद्या एका कंपनीने डिझाइन विभाग आणला, तर मला एक नोकरी मिळेल. यजमानांना त्याच गावात त्यांच्या कामाची नोकरी मिळणार नाही, आणि माझी ती एक नोकरी गेली तर दुसरीसाठी पुन्हा पुणेच गाठावे लागेल. कृष्णाकाठ यांची अट एकेका प्रकल्पाला लावून हे सुटणार नाही. शिरवळ, सातारा, कराड, इस्लामपूर हा महामार्गाचा पट्टा आणि त्याला जोडून मिरज-कुपवाड एकत्र धरून पाच-सहा कंपन्यांचे विभाग एकाच वेळी आणता आले, तर आमच्यासारखी जोडपी परत येण्याचा गांभीर्याने विचार करतील.