१८५०: न्यूयॉर्कला आलेल्या आयरिश कुटुंबाचा हिशोब बसेना

शोधयात्री:
दीर्घकथा लिहितोय. काउंटी केरीतलं कुटुंब: आई-बाप, १८ वर्षांची मुलगी, दोन लहान मुलगे. १८५० च्या वसंतात लिव्हरपूलहून निघून न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डनला उतरतात. बाप गोदीत हमाली करतो, मुलगी घर सांभाळते, वर्षभरात बस्तान बसतं. पण पैशांचा मेळ लागत नाही. कुठे चुकतंय?

गलबत:
आधी उतरायची जागा बदला. कॅसल गार्डनचं, स्थलांतरितांना उतरवून घेणारं केंद्र १८५५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. त्याआधी माणसं थेट धक्क्यावर उतरायची आणि तिथे 'रनर', म्हणजे खाणावळींचे दलाल, टपलेले असायचे. पुष्कळदा तेही आयरिशच. गाववाल्यासारखं बोलून ट्रंक उचलायची आणि खाणावळीत न्यायचं. निघताना बिल ठरल्यापेक्षा फुगलेलं, आणि ते भागेपर्यंत ट्रंक अडकलेली. जवळची पुंजी बहुधा इथेच संपते.

प्रवास पाच-सहा आठवड्यांचा धरा. १८४९ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे माणशी रोज ३ क्वार्ट (साधारण साडेतीन लिटर) पाणी, आठवड्याला ५ पौंड ओटमील, अडीच पौंड बिस्किट, २ पौंड तांदूळ, शिवाय थोडं पीठ, साखर, काकवी, चहा. हा शिधा कोरडा मिळायचा, डेकवरच्या चुलीवर पाळी लावून शिजवायचा. वादळात चुली बंद, म्हणजे शिधा असूनही उपास. हा प्रसंग कथेत हवाच.

खतावणी:
मुख्य चूक पाचही जणांना एकदम आणण्यात आहे. भाडं मोठ्यांना ४ पौंड आणि मुलांना निम्मं धरलं तरी १६ पौंड होतात, म्हणजे साधारण ७८ डॉलर. पाव एकराहून जास्त जमीन असलेल्याला दुष्काळातली सरकारी मदत नाही, हा आयर्लंडमधला नियम १८४७ पासून होता. त्या मदतीसाठी जमीन सोडून बसलेल्या कुळाकडे एवढी रक्कम कुठून येणार?

मुलीला आधी पाठवा. घरकामाला महिना ५ डॉलर धरा, राहणं-जेवण मालकाकडे. सगळी शिल्लक टाकली तर चार महिन्यांत एका मोठ्या माणसाचं भाडं निघतं. तिकीट न्यूयॉर्कमध्येच आगाऊ काढून टपालाने आयर्लंडला धाडता यायचं. बापाचा रोजचा डॉलर दिसायला मोठा, पण जहाज लागलं नाही किंवा बर्फ पडलं की रोजगार बुडायचा, आणि खोलीभाडं, जळण, जेवण त्यातूनच. माझ्या मते हे कुटुंब मुलगीच तारते. तुम्ही तिलाच घरात बसवलंत.

केनमेअर:
एक अपवाद आहे. १८५१ मध्ये केरीतल्या लॅन्सडाउन जहागिरीने कुळांचं भाडं स्वतः भरलं. तसं दाखवलंत तर सगळे एकत्र येऊ शकतात, पण हातात काहीच नसेल. त्यातले पुष्कळजण न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स वस्तीत राहिले.

शोधयात्री:
मुलगी आधी, ठरलं. पण ती पैसे ठेवेल कुठे?

खतावणी:
एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक, चेंबर्स स्ट्रीट, स्थापना १८५० चीच. खातं उघडताना जन्मगाव, जहाज, आल्याचं साल, आई-वडील, भावंडं असं सगळं विचारून वहीत उतरवत. अनेकांना सही येत नसे, म्हणून पैसे काढताना तेच प्रश्न पुन्हा विचारून ओळख पटवायची. त्या वह्या टिकल्या आहेत. कथेतल्या मुलीची नोंद कशी दिसेल, ते त्यातल्या चार-पाच नोंदी वाचल्या की कळेल.